सेन्सॉरला सिनेमा नेमकं बघतं कोण?

सिडकोवाला:
मंडळी, मित्रांनी पैसे घालून दीड तासाचा मराठी सिनेमा केलाय. शूटिंग सगळं गिरणारे-दिंडोरीकडचं. आता सेन्सॉर. नाशकात ऑफिस आहे का? एक एजंट म्हणतो, "बोर्डात आपली माणसं आहेत, करून देतो." बोर्डावर असतं तरी कोण? सिनेमात बैलजोडी आहे आणि एक म्हातारा बिडी ओढतो, बाकी काही नाही.

गोदाकाठ:
नाशकात नाही. देशभरात नऊ कार्यालयं, आपलं मुंबईचं, पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात. मुंबईत असताना मी सल्लागार पॅनेलवर होते, म्हणून सांगते.

बोर्ड म्हणजे अध्यक्ष आणि केंद्र सरकारने नेमलेले 12 ते 25 सदस्य. ते तुमचा सिनेमा बघतीलच असं नाही. बघतात आमच्यासारखे पॅनेलवाले: मास्तर, वकील, पत्रकार, गृहिणी, आणि हो, कुणाच्या तरी शब्दाने आलेलेही. पगार नाही, खेळामागे थोडं मानधन.

खेळाला चार सदस्य आणि एक परीक्षण अधिकारी. त्यात निदान दोन बायका हव्यात, त्यामुळे ऐनवेळी एखादीच्या नातवाला ताप आला की अधिकारी फोन फिरवत बसायचा. निर्माता बाहेर. आत मांडीवर वही, अंधारातच खरडायचं. दिवे लागल्यावर आपलंच अक्षर आपल्याला लागत नसे. मग ज्याने त्याने आपला फॉर्म भरून सही करायची. कुठला सिनेमा ते सांगणार नाही, गोपनीय असतं; पण एकदा पडद्यावर चांगले दोन खून झाले, त्यावर कुणी हूं की चूं केलं नाही, आणि एका शिवीवर चहा गार होईस्तोवर भांडलो.

निकाल पटला नाही तर पुनरीक्षण समिती. तिथेही जमलं नाही तर थेट हायकोर्ट, कारण मधलं अपील न्यायाधिकरण 2021 मध्ये बंद झालं.

समितीत कोण बसणार हे बाहेर सांगत नाहीत, मग एजंटला कुठून कळलं? अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर स्वतः भरा. बिडीच्या दृश्यात खाली इशारा लागतो, शिवाय सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी फिती. बैलांसाठी प्राणी कल्याण मंडळाचं ना-हरकत पत्र लागेल, त्यांची कचेरी हरियाणात आहे. हे आधी बघा, फाइल तिथेच अडते.

नाट्यवेडा पंचवटी:
आम्ही राज्य नाट्य स्पर्धेला संहिता मंजूर करून घेतो, तिथेच विचारा की.

गोदाकाठ:
ते रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ. राज्याचं, नाटकापुरतं. सिनेमाशी संबंध नाही. पुस्तकाला तर छापण्याआधी कुणालाच विचारावं लागत नाही. छापल्यावर सरकारला खटकलं तर जप्ती.

जुना नाशिककर:
आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांना 1913 साली ही कटकट नव्हती. कायदा आला 1918 मध्ये, मंडळं 1920 मध्ये, तीही पोलिसांच्या अखत्यारीत. सुटले बिचारे सुरुवातीला.

सिडकोवाला:
ताई, आभार. बैलांचे कागद प्रॉडक्शनवाल्याकडून मागवतो. सगळ्यांना बघता येईल असं 'यू' प्रमाणपत्र मिळेल ना?

गोदाकाठ:
'यूए'चेही, म्हणजे मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायच्या सिनेमांचेही, आता तीन भाग झालेत: 7, 13 आणि 16 वर्षांवरचे. म्हातारा शिव्या देतो का?

सिडकोवाला:
दिंडोरीचा आहे हो तो. बैल हाकताना देणारच.