सिग्माचं (बेरजेच्या चिन्हाचं) सूत्र लूपमध्ये उतरवलं, पण उत्तर २ वरच अडकतंय

प्रश्न (सात रस्ता, सोलापूर)
सी भाषेत ई चा एक्सवा घात काढायचाय. आय = ० ते एन, पद म्हणजे एक्सचा आयवा घात भागिले आय फॅक्टोरियल (१ ते आय आकड्यांचा गुणाकार). एक्स = १ ला उत्तर २.७१८२८ पाहिजे, येतंय २. एन ४० केलं की प्रोग्रॅम बंदच पडतोय. बेरीज डबल (दशांश संख्या) आहे, बाकी सगळं इंट (पूर्णांक). काय चुकतंय, सांगा की ओ.

उत्तर १
नुसती बेरीज डबल असून पुरत नाही. भागाकार आधी दोन इंटमध्ये होतो, म्हणून १ भागिले २ चे शून्य. पहिली दोन पदं १ आणि १, पुढची सगळी ०.
बंद पडण्याचं कारण फॅक्टोरियल. ३२ बिटांच्या इंटची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आणि १३ चं फॅक्टोरियल ६,२२,७०,२०,८००. तिथून आकडे कचरा होतात. ३४ च्या फॅक्टोरियलला २ च्या ३२ व्या घाताने भाग जातो, त्यामुळे ३२ बिटांत बहुधा निव्वळ शून्य उरतं आणि शून्याने भागाकार होतो. लाँग लाँग (६४ बिटांचा इंट) घेतलं तरी २० च्या पुढे आकडे कचराच होतात.
फॅक्टोरियल काढूच नका. आधीच्या पदावरून पुढचं पद मिळतं:
पद = १.०, बेरीज = १.०
आय = १ ते एन: पद = पद × एक्स ÷ आय; बेरीज = बेरीज + पद
पद डबलच हवं. लूप १ पासून, कारण शून्यावं पद आधीच धरलंय. ० पासून सुरू केलात तर पुन्हा शून्याने भागाल.

उत्तर २
पायथनमध्ये रेंज(१, एन) लिहिलं तर एनवं पद सुटतं, एन + १ लिहा.
दोन सिग्मा असतील तर एकात एक लूप. अक्कलकोट रोडवरच्या कारखान्यात आय हा माग, जे हा दिवस धरा. एकूण चादरींसाठी बेरीज दोन्ही लूपच्या बाहेर एकदाच शून्य करायची. मागवार हिशेब पाहिजे तर बाहेरच्या लूपच्या आत, प्रत्येक मागाला नव्याने.

उत्तर ३
एक्स = -२० देऊन बघा. खरं उत्तर साधारण ०.००००००००२०६. पण मधली पदं ४ कोटी ३१ लाखांपर्यंत जातात, चिन्हं आलटूनपालटून. डबलमध्ये जेमतेम १५-१६ अंक टिकतात, त्यामुळे वजाबाकीत उरणारी चूक उत्तराच्याच मापाची होते. एन वाढवून ती जात नाही. ऋण एक्सला +२० ची बेरीज काढा आणि १ ला तिने भागा.