काटक्यांवरचा हलका स्टोव्ह: विकत घ्यावा की डब्यांचा करावा? (जांबोटी-कणकुंबी, दोघं, दोन दिवस)

सडाभटक्या

नोव्हेंबरच्या शेवटी दोघांचा बेत आहे. मुक्काम कणकुंबीच्या (बेळगाव जिल्हा, खानापूर तालुका) अलीकडे ओळखीच्यांच्या शेतात, मालकाची परवानगी घेतलेली आहे. गॅसचा डबा पाठीवर वाहायचा नाही असं ठरलंय, म्हणून काटक्यांवर चालणारा स्टोव्ह न्यायचा विचार आहे. चहा, मॅगी आणि रात्री खिचडी, एवढाच स्वयंपाक.

दुहेरी भिंतीचा स्टीलचा स्टोव्ह (सोलो स्टोव्ह लाइट, २५५ ग्रॅम) घ्यावा, की घरच्या डब्यांचा केला तरी तेवढंच काम होतं? तिकडचा पाऊस बघता ओल्या जळणाचं काय करायचं? आणि दोन दिवसांना लाकूड किती लागेल?

पत्राकाम

डब्यांचा होतो आणि चांगला होतो. स्टीलचा वर्षानुवर्षं टिकतो, डब्याचा तळ एका मोसमात जळून गळतो. फरक एवढाच. नेहमीचं फिरणं असेल तर विकतचा घ्या.

एकात एक असे दोन डबे बसवायचे. आधी तो चालतो कसा ते बघा, म्हणजे भोकं कुठं आणि का ते कळेल. लाकूड तापलं की त्यातून धूर निघतो, आणि हा धूर म्हणजे न जळलेलं इंधन. आतल्या डब्याच्या तळातून थोडी हवा लाकडाला मिळते. बाकीची हवा दोन भिंतींच्या मधून तापत वर चढते, वरच्या भोकांतून आत येते आणि त्या धुराला पेटवते. नीट चालला की वरच्या भोकांतून गॅसच्या शेगडीसारख्या ज्वाळा आत येताना दिसतात.

बाहेरचा: दूध पावडरचा ४००-५०० ग्रॅमचा पत्र्याचा डबा, व्यास साधारण १० सेंमी.
आतला: कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा, व्यास साधारण ७.५ सेंमी.

दूध पावडरचा डबा उपडा करा. त्याचा पत्र्याचा तळ आता वर आला, झाकणाची बाजू खाली. तळावर आतला डबा ठेवून पेन्सिलीनं आखा, रेषेच्या आत ३ मिमी सोडून गोल कापा, उरलेल्या कडेला बारीक चिरा मारून पत्रा आत दुमडा. आतला डबा घट्ट दाबून बसतो आणि काठावर अडकतो. तो ढिला बसला तर तापलेली हवा फटीतून बाहेर निसटते, वरच्या भोकांतून येतच नाही, आणि मग दुहेरी भिंत केल्याचा उपयोग शून्य.

भोकं अशी: आतल्याच्या तळाला ६ मिमीची २५. आतल्याच्या वरच्या काठापासून दीड सेंमी खाली, गोल फिरवून ६ मिमीची २०. बाहेरच्याच्या खालच्या काठालगत १२ मिमीची १२. हिशेब साधा आहे, बाहेरच्या भोकांचं एकूण क्षेत्रफळ आतल्या सगळ्या भोकांपेक्षा कमी नको. इथं आत साधारण १२७० चौमिमी आणि बाहेर १३५५ येतं, जमतं.

पातळ पत्र्याला ड्रिल लावलं की तो आत चेपतो. डब्यात ओली वाळू ठासून भरा, किंवा आत लाकडाचा ठोकळा धरा. मोठ्या भोकांना स्टेप बिट (पायऱ्यापायऱ्यांचं, निमुळतं ड्रिल) वापरा. काठ कानशीनं घासा, बोटं कापतात.

वर भांडं टेकायला ३ सेंमी उंचीचा कडं. पत्र्याची पट्टी वाकवा, तिच्यात वरून हवा जायला खाचा ठेवा आणि एका बाजूला ५ सेंमीचं तोंड ठेवा, तिथून काटक्या सारायच्या. भांडं काठाला चिकटलं की ज्वाळा गुदमरते आणि काजळी धरते. फार उंच ठेवलं तर धग वाऱ्यावर जाते.

जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा आणि रंगाचे डबे अजिबात नको. जस्ताचा धूर छातीत जातो. खाण्याच्या डब्यालाही आतून लॅकर (पातळ लेप) असतो, म्हणून पहिला जाळ अर्धा-पाऊण तास रिकामाच करा, उघड्यावर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहून. हे सगळं करायचा कंटाळा असेल तर बेळगावात उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत लेझर कटिंगवाले स्टीलच्या पत्र्यातून पाच पाट्यांचा घडीचा चौकोनी स्टोव्ह कापून देऊ शकतील. तो एकेरी भिंतीचा असतो, धूर जास्त होतो, पण मोठी काटकी चालते.

धगधगी

@पत्राकाम यांच्या डब्याला एक मर्यादा आहे. आतली जागा जेमतेम ३५० मिलीची. सात-आठ सेंमीच्या काटक्या तोडून दर दोन-तीन मिनिटांनी टाकत राहावं लागतं. चहाला ठीक, खिचडीला एक माणूस तिथंच अडकून पडतो. डबा दोन आकार मोठा घ्या, तीन सेंमी व्यास वाढला तरी वजन शंभरेक ग्रॅमच वाढतं.

जळणाचा हिशेब: एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळायला साधारण ३१५ किलोज्यूल लागतात. वाळलेल्या लाकडात किलोमागे १५ मेगाज्यूलच्या आसपास असतात, आणि असला स्टोव्ह त्यातले १५ ते २० टक्के भांड्यात पोचवतो. म्हणजे लिटरला १००-१४० ग्रॅम. दोघांना दिवसाला चार लिटर उकळणं धरलं तर अर्धा किलो, खिचडी शिजत ठेवायला आणि फुकट जाणाऱ्याला आणखी २००-३०० ग्रॅम. दोन दिवसांना दीड किलो. एवढं आसपास मिळतं, पाठीवर न्यायची गरज नाही. तांदूळ-डाळ अर्धा तास भिजवून ठेवली तर शिजायचा वेळ कमी होतो. ह्या स्टोव्हला आच कमी करायची कळ नसते, त्यामुळे बुडाला लागणं हे ठरलेलंच. पाणी थोडं जास्त घाला आणि ढवळत राहा.

झाकण विसरू नका. झाकणाशिवाय उकळायला बसलात तर वरचा हिशेब गेला.

सुकं_सरपण

ओल्या जळणाबद्दल. खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात पाऊस ऑक्टोबरात थांबला तरी जमिनीवर पडलेली काटकी नोव्हेंबरात ओलीच असते, वरून वाळलेली दिसली तरी. जमिनीवरचं घेऊच नका. झाडावरच वाळून लटकलेली, किंवा झुडपात अडकून राहिलेली घ्या. वाकवल्यावर काटकन मोडली तर जळण, वाकून चिरली तर अजून वेळ आहे.

ओलं लाकूड जळत का नाही? धग आधी त्यातलं पाणी उडवण्यात खर्च होते. तेवढ्यात धूर पेटायला लागणारं तापमानच येत नाही, मग नुसता धूर कोंदतो. काहीच सुकं नसलं तर अंगठ्याएवढं जाड वाळकं लाकूड कोयत्यानं उभं चिरा आणि गाभ्याच्या करंगळीएवढ्या ढलप्या काढा. ओल सहसा सालीत आणि वरच्या थरात असते.

खरी युक्ती म्हणजे घरून २०० ग्रॅम सुक्या ढलप्या प्लॅस्टिकच्या पिशवीत न्या. सुताराकडे पडलेल्या असतात. साग किंवा आंबा चालेल, प्लायवूड आणि सनमायका लावलेलं नको, डिंकाचा धूर वाईट. पेटवायला कापराच्या वड्या. ओलसर हवेतही पेट घेतात आणि मिनिटभर टिकतात. दोन वड्या पुरतात.

कुठलं लाकूड? अकेशियाच्या (ऑस्ट्रेलियन बाभळीच्या) लागवडीत वाळक्या बारीक फांद्या भरपूर मिळतात, त्या ह्या स्टोव्हला चांगल्या. निलगिरी भडकन पेटते आणि लवकर संपते. ऐन, किंजळ, जांभूळ जड, उशिरा धरतात पण निखारा छान देतात, म्हणून जाळ बसल्यावर टाका. बांबू पेरासकट टाकू नका, फुटतो. चिरून टाका. शेर, कण्हेर आणि बिब्बा मात्र लांब ठेवा. काजूची टरफलंही, त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि कातडीला झोंबतो. ओली फांदी तोडू नका, जळत नाहीच, वर झाड जातं.

पेटवायचं वरून! चुलीची सवय इथं उलटी पडते. खाली जाड, वर बारीक, सगळ्यात वर कापूर. ज्वाळा हळूहळू खाली उतरते आणि धूर तिच्यातूनच वर जातो, म्हणून जळतो. आणि डबा वरच्या भोकांच्या खालीच भरा. लाकूड भोकांच्या वर आलं की तापलेली हवा आत यायची वाटच बुजते. "स्टोव्ह धूर करतो" अशा बहुतेक तक्रारींचं मूळ इथं असतं.

सीमाभागी

जागेबद्दल थोडं. खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालंय. तिथं परवानगीशिवाय आत जाणंच चालत नाही, आणि वन्यजीव कायदा १९७२ चं कलम ३० आगीबद्दलच आहे. राखीव जंगलात कर्नाटकाचा १९६३ चा वन कायदा, सीमा ओलांडून महाराष्ट्रातल्या चंदगडात शिरलात की १९२७ चा भारतीय वन कायदा. पाटी बदलली तरी अर्थ तोच: वनखात्याच्या जमिनीवर जाळ करायचा नाही. डब्यातला असला तरी तो जाळच. मालकीच्या शेतातही बांधावरचं गवत वाळलं असेल तर नको.

धगधगी

बरोबर. शेतात मीटरभर जागा मातीपर्यंत साफ करा आणि स्टोव्ह सपाट कोरड्या दगडावर ठेवा. ओढ्यातला दगड नको, आत पाणी धरलेला तापल्यावर फुटतो. शेजारी दोन लिटर पाणी हवंच. तंबूत किंवा त्याच्या दारातही नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सडाभटक्या

आभार. @धगधगी म्हणतात तसा मोठा डबा शोधतो. अंगणात छोटा करून बघितला. पहिली पाच मिनिटं भोकांतून ज्वाळा येतात, मग एकदम विझून धूर. शेगडीच्या तळाला निखाऱ्यांचा थर दिसतो. भांडं काळंकुट्ट.

पत्राकाम

तळाची भोकं राखेनं आणि बारीक निखाऱ्यांनी बुजली. काटकीनं खालून टोचा, नाहीतर डबा पक्कडीनं हलकेच हलवा. तळाला भोकांऐवजी स्टीलची जाळी टाकली तर कमी बुजतं. दुसरं कारण, नवीन काटक्या मूठभर एकदम टाकल्यात. त्या तापेपर्यंत ज्वाळा थंड होते. दोन-तीनच टाका. विझलंच तर धूर पुन्हा वरूनच पेटवा आणि लांब फुंकणीनं खालच्या भोकात हळू फुंका, जोरात नको, राख डोळ्यांत येते.

भांड्यासाठी: पेटवायच्या आधी बाहेरून बुडाला आणि बाजूला भांडी घासायच्या साबणाचा ओला थर द्या. राख कालवून लेप दिला तरी चालतो. काजळी त्या थरावर बसते, नंतर पाण्यानं निघते. सॅकमध्ये भांडं कापडी पिशवीतच.

सुकं_सरपण

पाऊस लागलाच तर म्हणून १०० मिली डिनेचर्ड (जाळायचं) स्पिरिट आणि छोटा बर्नर बरोबर ठेवा. अर्ध्या लिटरला साधारण ३० मिली, म्हणजे तीन वेळचा चहा निघतो. उन्हात स्पिरिटची ज्वाळा दिसत नाही, म्हणून पुन्हा ओतायच्या आधी बर्नर विझून गार झालाय ते हात वर धरून तपासा. बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा, विषारी असतं आणि पाण्यासारखंच दिसतं.