क्रांती झाली, राज्यकर्ता बदलला. पण राज्य बदलले हे कशावरून ठरवायचे?

कृष्णाकाठ (सांगली) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या अभ्यासमंडळात सध्या फ्रान्स, जपान आणि तुर्कस्तान येथील सत्तांतरांचे वाचन चालू आहे. काही सदस्यांच्या मते राष्ट्र घडते ते नेपोलियन किंवा मुस्तफा केमाल यांच्यासारख्या खंबीर पुरुषामुळे. इतरांच्या मते असा पुरुष हा जनतेच्या उठावाचा केवळ लाभार्थी असतो. मला हा वाद व्यक्ती विरुद्ध जनता असा मांडणेच अपुरे वाटते. फ्रान्समध्ये १७९२ साली प्रजासत्ताक आले, १८०४ मध्ये सम्राट आला आणि १८१४-१५ मध्ये जुने राजघराणे परतले. तरीही १७९० मध्ये नव्याने आखलेले ८३ जिल्हे, १८०० मध्ये त्यांवर नेमलेले प्रीफेक्ट (मध्यवर्ती सरकारचे जिल्हाधिकारी) आणि १८०४ ची नागरी संहिता ही चौकट परतलेल्या राजानेही मोडली नाही. माणसे गेल्यावरही काही गोष्टी टिकतात आणि काही विरून जातात, याचे कारण काय असावे? आपल्या सातारा-सांगली भागाच्या इतिहासातून या प्रश्नावर काही प्रकाश पडतो का?

अजिंक्यतारा (सातारा)

प्रश्न योग्य ठिकाणी नेमके बोट ठेवणारा आहे. माझे मत असे की राज्य बदलले की नाही, हे राजधानीत पाहू नये. गावचा सारा कोण गोळा करतो, त्याची नोंद कोणाच्या दप्तरात असते आणि त्या माणसाचे पोट कोणावर अवलंबून असते, हे पाहावे.

छत्रपती शिवाजी महाराजांनी देशमुख-देशपांड्यांच्या, म्हणजे परगण्याच्या वंशपरंपरागत अधिकाऱ्यांच्या, गढ्या पाडल्या, त्यांचे हक्क ठरवून बांधून दिले, वसुलीसाठी पगारी कारकून नेमले आणि लष्करी सेवेच्या मोबदल्यात जमिनी तोडून देण्याची प्रथा शक्य तितकी टाळली. त्या काळात हा बदल राज्याभिषेकाइतकाच मोठा होता. मात्र १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, राजाराम महाराजांना जिंजीस जावे लागले, आणि मोगल बादशहा वतनांची (वंशपरंपरागत हक्कांची) लालूच दाखवून सरदार फोडू लागल्यावर मराठ्यांनाही वतने आणि इनामे देऊनच माणसे राखावी लागली. त्या प्रसंगी दुसरा मार्ग नव्हता असे मला प्रामाणिकपणे वाटते, आणि म्हणूनच त्यातून मिळणारा धडा अधिक कठोर आहे: एका खंबीर राज्यकर्त्याने उभारलेली व्यवस्था शत्रूच्या विजयाने नव्हे, तर राज्य वाचवण्याच्या निकडीने मागे गेली. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला तोवर सरंजाम, म्हणजे लष्करी सेवेच्या मोबदल्यात तोडून दिलेले मुलूख, रुजू लागले होते. पुढे मंत्रिपदेही वंशपरंपरेने चालू लागली. वतनदार हे राज्यातले वाटेकरीच असतात, असा इशारा रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरील ग्रंथात दिला होता. पण तो अमलात आणण्याचे सामर्थ्य तेव्हाच्या सत्तेत उरले नव्हते.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. १८३९ मध्ये छत्रपती प्रतापसिंहांना पदच्युत करण्यात आले आणि १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. या सगळ्या उलथापालथीतही गावचे दप्तर सांभाळणारा वंशपरंपरागत कुलकर्णी बहुतेक ठिकाणी आपल्या जागी होता. कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० चा आणि मुलकी पाटलांचे वंशपरंपरागत पद रद्द करणारा कायदा १९६२ चा. या दोन कायद्यांच्या नावाने कोठे पुतळा उभारला गेला नाही, परंतु गावाच्या दृष्टीने क्रांती म्हणावी अशी घटना तीच होती.

येरळाकाठ (कुंडल परिसर)

वरील प्रतिसाद मोलाचा आहे, पण त्यात बदल फक्त वरून येतो असे गृहीत धरलेले दिसते. सप्टेंबर १९४२ मध्ये तासगाव, वडूज आणि इस्लामपूर येथे लोकांनी मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे नेले. तासगावच्या कचेरीवर तिरंगा लागला. वडूजला ९ सप्टेंबरला गोळीबार होऊन माणसे हुतात्मा झाली. त्यानंतर क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कचेरी ताब्यात घेण्याचा नाद सोडला आणि कचेरीची गरजच लोकांना उरू नये अशी रचना उभारण्यास घेतली. १९४३ ते १९४६ या काळात या प्रतिसरकारची (ब्रिटिश कारभाराला समांतर अशा लोकांच्या सरकारची) न्यायदान मंडळे जमिनीचे आणि देण्याघेण्याचे तंटे गावातच मिटवीत होती, दरोडेखोरांचा बंदोबस्त होत होता आणि कमी खर्चाचे गांधी विवाह लागत होते. ब्रिटिश सत्ता साताऱ्यात कायम होती, तरी लोक दाद मागायला दुसरीकडे जात होते.

या इतिहासाचा मला अभिमान आहे आणि तो असूनच एक गोष्ट लिहितो. न्याय देणारी मंडळे आणि शस्त्र बाळगणारी पथके एकाच चळवळीची असली की शिक्षेचा न्याय्यपणा केवळ पुढाऱ्यांच्या संयमावर राहतो. तो संयम येथे बहुतांशी राहिला, हे नेत्यांचे मोठेपण; परंतु मोठेपण पुढच्या पिढीला नियम म्हणून देता येत नाही. १९४६ मध्ये प्रतिसरकारचे काम थांबले आणि न्यायदान मंडळांचे रूपांतर कोणत्याही कायमस्वरूपी संस्थेत झाले नाही.

माणदेश (आटपाडी)

कुंडल आणि आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होते, याचा उल्लेख येथे व्हायला हवा. भूमिगतांना त्या भागात आसरा मिळाला, याला तेथील राजवटीचे स्वरूप हे एक कारण होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये सत्तात्यागाची घोषणा केली आणि १९३९ मध्ये संस्थानाला राज्यघटना दिली. ती घडवण्यात महात्मा गांधींचा सल्ला, राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलिश अभियंते मॉरिस फ्रिडमन यांचे श्रम होते. गावाने पंचायत निवडावी आणि तेथून तालुक्याची व संस्थानाची प्रतिनिधी सभा घडावी, अशी ती उलट्या क्रमाची मांडणी होती. राजाने आपल्या हयातीत आपलीच सत्ता कमी करणे ही घटना मला कोणत्याही दिग्विजयापेक्षा थोर वाटते. तरीही १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर ती राज्यघटना संपली, कारण तिला आधार देणारा मुलूख फार लहान होता.

जपानशी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. १८७१ मध्ये मेइजी सरकारने सुमारे २६० सरदारांच्या जहागिऱ्या एका फर्मानाने संपवल्या, पण त्यांना निवृत्तिवेतने दिली आणि त्यांची कर्जेही स्वतःवर घेतली. १८७३ मध्ये जमिनीच्या किमतीवर ३ टक्के रोख सारा बसवला. शेतकऱ्यांचे दंगे झाल्यावर १८७७ मध्ये तो अडीच टक्क्यांवर आणावा लागला. त्याच वर्षी दक्षिणेकडील सात्सुमा प्रांताचे सामुराई बंड करून उठले आणि सक्तीच्या भरतीतून उभ्या राहिलेल्या फौजेने ते मोडले. सम्राटाच्या नावाने चाललेले हे काम प्रत्यक्षात काही थोड्या कारभाऱ्यांनी केले, आणि ते कोणा एकाच्या आयुष्यावर टांगलेले नव्हते.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तुर्कस्तानकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहतो आहे. १९२३ चे प्रजासत्ताक, १९२४ मध्ये रद्द झालेली खिलाफत, १९२६ ची स्वित्झर्लंडच्या धर्तीवरील नागरी संहिता आणि १९२८ ची नवी लिपी यांतून केमाल यांचे सामर्थ्य दिसते. पण त्यांच्या निधनानंतर १२ वर्षांनी, १९५० च्या निवडणुकीत, त्यांच्याच पक्षाने हरल्यावर सत्ता सोडली, याला आमच्या चर्चेत कोणी महत्त्वच दिले नव्हते. पुढच्या बैठकीत याच निवडणुकीपासून सुरुवात करून, १ मे १९६२ रोजी आपल्याकडे सुरू झालेल्या जिल्हा परिषदांपर्यंत यावे असा विचार आहे. प्रतिसरकारात काम केलेली जी माणसे नंतर पंचायत समितीत वा जिल्हा परिषदेत निवडून आली, त्यांच्या आठवणी किंवा त्या काळातील सभांची इतिवृत्ते कोणाच्या पाहण्यात असतील, तर कृपया येथे कळवावे.