शस्त्रक्रियेनंतरही अझाथायोप्रीन कशासाठी?

प्रश्न (खानापूर): आतड्याला वारंवार सूज आणणाऱ्या क्रोन्सच्या आजारामुळे माझ्या धाकट्या भावाच्या लहान आतड्याचा शेवटचा भाग चार महिन्यांपूर्वी बेळगावात काढावा लागला. आता जेवण पचते, वजनही वाढले आहे. तरीही डॉक्टरांनी अझाथायोप्रीन ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी चालूच ठेवल्यामुळे, दुखणेच कापून काढले तर गोळी कशाला, असे आई रोज विचारते.

उत्तर (निपाणी): दादा, शस्त्रक्रियेने आजारी भाग जातो, आजार जात नाही. आतड्याची टोके जिथे जोडतात, तिथेच तो बहुधा पुन्हा डोके वर काढतो आणि पोट दुखू लागण्याच्या कितीतरी आधी तिथे व्रण दिसू लागतात. म्हणून त्रास नसला तरी 6 ते 12 महिन्यांत कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची आतून तपासणी) करतात. गोळीमुळे पांढऱ्या पेशी घटू शकतात, तेव्हा रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्या चुकवू नका. भाऊ विडी ओढत असेल तर ती आधी सोडायला लावा. तंबाखूच्या गावातून हे सांगताना मलाच अवघडल्यासारखे होते.

उत्तर (बेळगाव): तो भाग काढल्यावर बी-12 नीट शोषले जात नाही, त्यामुळे मला त्याचे इंजेक्शन घ्यावे लागते. क्षयाची तपासणी करून मला अ‍ॅडालिमुमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारे इंजेक्शन सुरू केले. ते 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते आणि गोठले तर वाया जाते, म्हणून चिकोडीला माहेरी जाताना बर्फ आणि इंजेक्शन यांच्यामध्ये मी टॉवेलची घडी घालते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. गोळीचे आईला समजावीन. विडीचे मात्र तिला अजून ठाऊक नाही.