मदत हवी आहे : कालच्या स्लॅबवर भेगा, सेंट्रिंगवाला सातव्या दिवशी प्लेटा मागतोय

पायरी_पायरीने (सोमवार, सकाळी ७:१०)
काल स्लॅब झाला. आज पाहिलं तर वर केसाएवढ्या भेगा. मिस्त्री म्हणतो सिमेंटचं पाणी ओतलं की बुजतात. सेंट्रिंगवाल्याला (स्लॅबखालचा तात्पुरता साचा आणि टेकू लावणारा) सातव्या दिवशी साच्याच्या प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या आहेत, जास्त ठेवल्या तर रोजचं भाडं. आमचं बजेट आधीच ताणलेलं आहे. काय करू? लवकर सांगा, मिस्त्री दहाला येतोय.

ओळंबा
ताई, एवढ्यावर काही सांगता येणार नाही. स्लॅब किती इंची? दोन आधारांमधलं अंतर किती? सिमेंट कोणतं, ओपीसी (साधं) की पीपीसी (राख मिसळलेलं)? पाणी कधी मारायला सुरुवात केली? भेगा कुठे आणि कोणत्या दिशेला? फोटो टाका, शेजारी पट्टी ठेवून.

गिलावा
भेगांना घाबरू नका. वॉटरप्रूफिंगचं रसायन सिमेंटमध्ये कालवून दोन हात मारा, वर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) करून उतार द्या. गच्चीची गळती कायमची बंद.

ओळंबा
गिलावा, त्यांनी गळतीचं विचारलेलंच नाही. आत्ता वर कसलाही थर दिला तर भेगा झाकल्या जातील आणि पुढे तपासता येणार नाहीत.

पायरी_पायरीने
५ इंच, नकाशात तेवढाच आहे. हॉल १६ बाय १२. पीपीसी. काल दुपारी दोनला काम संपलं, ऊन आणि वारा खूप होता. पाणी आज सकाळी सहाला मारलं. भेगा तिरक्या, एकमेकींना समांतर, फूट-दीड फुटावर. पंख्याच्या डब्याकडून बोर्डाकडे एक सरळ भेग आहे.

खडीवीस
तिरक्या समांतर भेगा म्हणजे ऊन-वाऱ्यानं पृष्ठभागावरचं पाणी झपाट्यानं उडालं. काँक्रीट अजून मऊ असताना वरचा थर आकसला आणि फाटला. त्याच वेळी थापी फिरवून ओलं गोणपाट अंथरलं असतं तर बहुतेक टळलं असतं. दुपारी दोन ते सकाळी सहा, म्हणजे सोळा तास स्लॅब उघडा राहिला. चूक तिथे झाली.
सरळ भेग इलेक्ट्रिकच्या पाइपावर आली आहे. तीन-चार पाइप एकत्र बांधून वरच्या अंगाला ठेवले की त्यांच्यावर काँक्रीट पातळ उरतं आणि तिथेच तडकतं.
आता ताबडतोब सिमेंट-वाळूची आळी (छोट्या बांधांचे वाफे) करून दोन इंच पाणी साठवा. पीपीसीला किमान १० दिवस, जमलं तर १४. नुसतं पाइपानं शिंपडून भागत नाही, दोन वेळांच्या मध्ये स्लॅब सुकतो.

गिलावा
आणि सिमेंटचं पाणी? मिस्त्रीचं बरोबरच आहे.

खडीवीस
वरवरच्या भेगेला चालतं, तेही तारेच्या ब्रशनं धूळ काढून, भेग ओली करून, पातळ रबडी आत झिरपेल अशी. भेग आरपार असेल तर सिमेंट वरच अडकतं, तिथे पातळ इपॉक्सीच (चिकटणारं रसायन) लागतं. आळ्यात पाणी साठलं की खाली प्लेटांच्या सांध्यांतून कुठे ठिबकतंय ते पाहा. भेगेच्या खालीच ठिबकत असेल तर ती आरपार असल्याचा दाट संशय धरा.

सूत_दोरी
प्लेटांचं मी सांगतो. आयएस ४५६ (२०००) या काँक्रीटच्या भारतीय संहितेनुसार आधारांमधलं अंतर ४.५ मीटरपर्यंत असेल तर स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून जास्त असेल तर १४ दिवसांनी. बीम ६ मीटरपर्यंत १४ दिवस. तुमच्या हॉलची आखूड बाजू १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. सातव्या दिवशी स्लॅबच्या प्लेटा द्या, बीमचे टेकू राहू द्या. भाडं कशाला भरता?

ओळंबा
तो आकडा ओपीसीचा, १५ अंशांखाली न उतरणाऱ्या हवेचा आणि नीट क्युरिंग झालेल्या (पाणी मारून ओलं ठेवलेल्या) काँक्रीटचा आहे. इथे पीपीसी आहे आणि पहिले सोळा तास कोरडे गेलेत. ७ हा आकडा इथे लागू करणं धोक्याचं आहे. ताई, एकूण गोण्या किती लागल्या? बीम किती?

सूत_दोरी
संहितेत आकडा दिलेला आहे, मनाचं सांगत नाही.

ओळंबा
आकड्यासोबत त्याच्या अटीही संहितेतच दिलेल्या आहेत.

पायरी_पायरीने
६८ गोण्या. बीम स्लॅबखाली १ फूट, रुंदी ९ इंच, एकूण लांबी ९५ फूट. स्लॅब ९०० चौरस फूट. याचा भेगांशी काय संबंध?

ओळंबा
मोठा संबंध आहे. ९०० चौरस फूट, ५ इंच : ३७५ घनफूट. बीम ७१. मिळून ४४६ घनफूट, म्हणजे साधारण १२.६ घनमीटर. १ : १.५ : ३ (सिमेंट, वाळू, खडी) च्या मालाला घनमीटरला ८ गोण्या धरल्या तर १०० लागतात. ६८ मध्ये झालं असेल तर घनमीटरला २७० किलो सिमेंट पडलं. आरसीसीला (सळई घातलेल्या काँक्रीटला) ३०० किलोच्या खाली जायचंच नसतं. रिकामी पोती स्वतः मोजा.

विटांचा_थर
भिंती अजून व्हायच्या असतील तर लाल विटा सोडा आणि एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक घ्या. वजन निम्म्याहून कमी, गिलावाही कमी लागतो.

गिलावा
ब्लॉकच्या भिंतीला गिलाव्याआधी सांध्यांवर जाळी मारली नाही तर कॉलमपाशी भेगा ठरलेल्या. विटेला तो त्रास कमी.

खडीवीस
विटांसाठी वेगळा धागा काढा, कृपया. पण एक गोष्ट इथेच सांगतो : वीट असो वा ब्लॉक, या स्लॅबवर आत्ता थप्पी लावू नका.
ओळंबा, दुसरी शक्यताही आहे. माल ठीक असेल आणि स्लॅबच ५ इंचांऐवजी ४ इंच पडला असेल. मग ३७१ घनफूट होतात, म्हणजे १०.५ घनमीटर, आणि सिमेंट ३२४ किलो बसतं. ताई, संडासाच्या पाइपासाठी भोक सोडलं असेल, तिथे पट्टी उभी धरून जाडी मोजा. नुसत्या कडेच्या मापावर जाऊ नका, कडेला फळीमुळे माप बरोबर येतं आणि मध्ये स्लॅब पातळ राहतो.

पायरी_पायरीने (सोमवार, दुपारी १:४०)
पोती ६८ च. भोकापाशी ४ इंच आणि एक सूत (इंचाचा आठवा भाग). जिन्याच्या तोंडाशी सव्वाचार. आळी केली, कुठे ठिबकत नाही. आणखी एक, आधी महत्त्वाचं वाटलं नव्हतं : ३ फूट बाल्कनी आहे, तिथे घराच्या भिंतीला समांतर एक भेग आहे.

ओळंबा
हे सगळ्यात महत्त्वाचं होतं! बाल्कनी एका बाजूनंच धरलेली असते, तिचा ताण वरच्या अंगाला येतो आणि मुख्य सळई वरच असावी लागते. काम करताना माणसं त्या सळयांवर चालली आणि खाली खुर्च्या (सळई वर उचलून धरणारे वाकवलेल्या सळईचे आधार) नसल्या, की सळई दबून मध्यावर जाते. हिशेब पाहा : ५ इंच म्हणजे १२५ मिमी, कव्हर (सळईवरचं काँक्रीट) २०, सळई १० मिमीची, तर कामाची खोली (स्लॅबच्या खालच्या अंगापासून सळईच्या मध्यापर्यंत) १०० मिमी. स्लॅब १०५ मिमी आणि सळईवर ४० मिमी काँक्रीट असेल तर उरतात ६०. ताकद जवळपास त्याच प्रमाणात घटते.
भेग वाळण्याचीही असू शकते. पण ठरेपर्यंत बाल्कनीचा एकही टेकू हलवायचा नाही. काँक्रीट टाकण्याआधीचे सळयांचे फोटो आहेत का? त्यात खुर्च्या शोधा. छिन्नी लावू नका, काँक्रीट अजून कच्चं आहे.

सूत_दोरी
बाल्कनी आणि पातळ स्लॅब असेल तर माझं सात दिवसांचं म्हणणं मागे घेतो. सेंट्रिंगवाल्याशी असं बोला : टेकू आणि त्यांच्यावरच्या प्लेटांचे पट्टे जागेवर राहतील, फक्त मधल्या प्लेटा न्यायच्या, त्याही इंजिनियरनं हो म्हटल्यावर. टेकू काढून परत लावणं चालणार नाही, तेवढ्या वेळात स्लॅब स्वतःचं वजन घेतो.

खडीवीस
डिझाइन केलेल्या इंजिनियरला तीन गोष्टी लिहून पाठवा : मोजलेली जाडी, ६८ गोण्या, बाल्कनीची भेग. सळईची खोली यंत्रानं, न फोडता मोजता येते. रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून उसळी मोजणारं उपकरण) २८ दिवसांनी मारा, त्यावरून ताकदीचा अंदाज येतो. तो कमी आला तरच कोअर (काँक्रीट कापून काढलेले गोल नमुने), किमान तीन : सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही ७५ च्या खाली नको. आधीच कोअरवर पैसे घालवू नका.

पायरी_पायरीने (सोमवार, रात्री ९:०५)
फोटो पाहिले. बाल्कनीत खुर्ची एकही नाही, सळयांवर फळी टाकून घमेली नेताना माणसं दिसताहेत. इंजिनियर गुरुवारी यंत्र घेऊन येणार आहेत. सेंट्रिंगवाला पट्ट्यांना तयार झाला, बाल्कनीचं भाडं आम्ही वेगळं भरतोय. मिस्त्रीला सिमेंटचं पाणी ओतू दिलं नाही.

ओळंबा
उत्तम. बाल्कनीच्या टेकूंखालची माती पाण्यानं भिजतेय का ते रोज पाहा. मातीवर उभा टेकू खचतो, खाली लाकडाची रुंद फळी हवी.