अनुभव धागा : आजारपणाची रजा की फर्लो? (ब्रिटन, 2020-21)

मराठी पेपर वाचणाऱ्याला फर्लो म्हटलं की येरवडा आठवतं. कैद्याची रजा. 20 मार्च 2020 ला तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी जॉब रिटेन्शन स्कीम (काम नसलेल्यांना नोकरीवर ठेवा, पगाराचं अनुदान सरकार मालकाला देईल) जाहीर केली आणि हाच शब्द इथल्या पेस्लिपवर येऊन बसला. त्या काळातले हिशेब अजून मिटलेले नाहीत. फर्लोच्या क्लेमची कागदपत्रं सहा वर्षं ठेवायची आहेत, आणि 'मला तेव्हा एसएसपी (स्टॅच्युटरी सिक पे, आजारपणातला कायद्याने ठरलेला किमान पगार) का लावली, फर्लो का नाही?' हा प्रश्न आजही विचारला जातो.

पेरोल, एचआर किंवा अकाउंट्स सांभाळणाऱ्यांनी लिहावं. कुणावर काय बेतलं ते नको. नियम काय होता, आकडा कसा काढायचा, चूक कुठे व्हायची, एवढंच. कंपन्यांची नावं टाळा.

पेरोलवाली, लेस्टर

आधी मूळ फरक. एसएसपी म्हणजे माणूस कामाला येऊ शकत नाही म्हणून मिळणारे पैसे. फर्लो म्हणजे मालकाकडे काम नाही म्हणून. पहिली अटी पूर्ण झाल्या की मागता येते. फर्लो हा हक्क कधीच नव्हता, तो मालकाचा निर्णय होता. निम्मी भांडणं इथेच सुरू व्हायची.

आता आकडे. 6 एप्रिल 2020 पासून एसएसपी आठवड्याला 95.85 पौंड, त्याआधी 94.25, पुढच्या एप्रिलपासून 96.35. आठवड्यात पाच कामाचे दिवस धरले तर दिवसाला 19.17. फर्लो पगाराच्या 80 टक्के, पण महिन्याला 2,500 पौंडांपर्यंतच. म्हणजे वर्षाला 37,500 च्या वर पगार असेल तर प्रत्यक्ष टक्का घसरत जायचा. टक्केवारीच्या घोषणेत ही मेख कुणाच्या लक्षात यायची नाही.

उदाहरण घ्या. महिना पगार 2,000. घरात कुणाला लक्षणं, म्हणून 1 ते 14 मे 2020 विलगीकरण, आणि 15 मेपासून जूनअखेर फर्लो. पहिल्या चौदा दिवसांत कामाचे दिवस 10, म्हणून एसएसपी 191.70. पुढचे 17 दिवस : 2,000 भागिले 31, गुणिले 17, त्याचे 80 टक्के, म्हणजे 877.42. मेचा पगार 1,069.12. महिनाभर फर्लो असता तर 1,600, महिनाभर एसएसपी असती तर (कामाचे 21 दिवस) 402.57.

एसएसपी कामाच्या दिवसांवर मोजतात आणि फर्लो कॅलेंडरच्या दिवसांवर, हे लिहून ठेवा. दोन्हीकडे 21 ने भागणारे बरेच निघाले आणि त्यांचे क्लेम फुगले.

एचआर, रेडिंग

वरच्या उदाहरणात 14 तारखेला एसएसपी संपली आणि 15 ला फर्लो सुरू झाला. हा क्रम महत्त्वाचा. 15 एप्रिल 2020 च्या ट्रेझरी डायरेक्शननुसार (अर्थखात्याच्या आदेशानुसार), फर्लोवर पाठवताना एसएसपी चालू असेल तर ती मुदत संपल्यावरच फर्लो सुरू. एचएमआरसीचं (करखात्याचं) मार्गदर्शन मात्र म्हणत होतं की धंद्याचं कारण असेल तर आजारी माणसालाही फर्लोवर घेता येतं, फक्त थोड्या दिवसांच्या आजारपणासाठी ही योजना वापरू नका. एकाच सरकारचे दोन कागद, दोन सूर! सुरक्षित रस्ता एकच होता : एसएसपी अमुक तारखेला संपली, फर्लो तमुक तारखेला सुरू झाला, असं कर्मचाऱ्याला लेखी कळवायचं आणि प्रत जपून ठेवायची. तोंडी सांगितलेलं तपासणीत टिकत नाही.

उलट प्रकरण, म्हणजे फर्लोवर असतानाच माणूस आजारी पडला, तर नियम सरळ होता. त्याला निदान एसएसपी इतके पैसे मिळायलाच हवेत. फर्लोवरच ठेवायचं की एसएसपीवर आणायचं, हे मालकाने ठरवायचं. फर्लोवर ठेवलं तर अनुदान चालू, एसएसपीवर आणलं तर त्या दिवसांचं अनुदान बंद. मग कुठला मालक एसएसपीवर आणेल?

आणखी एक. 30 जून 2020 पर्यंत फर्लो सलग किमान तीन आठवड्यांचा लागायचा. 'एकच दिवस येऊन जा, ऑर्डर निघायचीय' असं म्हणून बोलावलं की सगळा क्लेम बाद. 1 जुलैपासून अर्धवेळ फर्लो आला, तेव्हा ही कटकट गेली आणि तासांच्या हिशेबाची नवी सुरू झाली.

लहान धंद्यांचे अकाउंट्स, हॅरो

इथे नवीन आलेली आपली मंडळी एसएसपीला भारतातल्या ईएसआयसीसारखं (कामगार विम्यासारखं) समजतात. तसं नाही. ईएसआयसीत आजारपणाचे 70 टक्के महामंडळ देतं, एसएसपी मात्र मालकाच्या खिशातून जाते, सरकार हात लावत नाही. म्हणूनच कोविडसाठी वेगळी परतफेड काढावी लागली. 28 फेब्रुवारी 2020 ला 250 पेक्षा कमी कर्मचारी असलेल्यांना, दर माणशी जास्तीत जास्त दोन आठवडे.

गोम वेळेत होती. फर्लोचं पोर्टल 20 एप्रिलला उघडलं, एसएसपी परतफेडीचं 26 मे रोजी. बंद पडलेल्या हॉटेलवाल्याला ते पाच आठवडे म्हणजे जगण्या-मरण्याचा प्रश्न. त्यामुळे विलगीकरणातल्या माणसालाही सरळ फर्लोत घुसडण्याचा मोह व्हायचा. एकाच माणसासाठी दोन्ही योजना वापरता येत होत्या, पण एकाच दिवसांसाठी नाही. पेरोलच्या सॉफ्टवेअरमधून एक क्लेम आणि अकाउंटंटकडून हाताने भरलेला दुसरा, अशाने तारखा एकमेकींवर चढायच्या. दोन्ही याद्या कर्मचाऱ्याच्या नॅशनल इन्शुरन्स नंबरावर लावून बघितल्या की पाच मिनिटांत सापडतं.

पेरोलवाली, लेस्टर

एसएसपीच्या पात्रतेचं राहिलं. तेव्हा सरासरी कमाई आठवड्याला 120 पौंड लागायची (मार्च 2020 मध्ये 118), आणि आजारपण सलग किमान चार दिवसांचं. तेव्हा एरवी पहिले तीन दिवस बिनपगारी जायचे. कोविडसाठी 13 मार्च 2020 पासून ते माफ झाले आणि पहिल्या दिवसापासून पैसे. सॉफ्टवेअरमध्ये कोविडचा वेगळा पर्याय निवडला नाही तर ते गुपचूप तीन दिवस कापायचं. जुन्या पेस्लिपा तपासायच्या असतील तर सगळ्यात आधी हे बघा.

दोन ठिकाणी 90-90 पौंड मिळवणाऱ्याला दोन्हीकडून शून्य. कमाईची बेरीज व्हायची नाही. सफाई आणि केअर होममध्ये याचा फटका जास्त बसला. फर्लोला अशी किमान कमाईची अट नव्हती.

पुरावा म्हणून पहिले सात दिवस स्वतःच लिहून द्यायचं, पुढे एनएचएस 111 च्या (सरकारी आरोग्यसेवेच्या हेल्पलाइनच्या) साइटवरून आयसोलेशन नोट काढायची. जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) चिठ्ठीचा आग्रह धरणारे मालक चुकत होते.

व्हिसा आणि स्पॉन्सरशिप, स्लाव

आयटीवाल्यांसाठी. 'फर्लो घेतला तर पब्लिक फंड्स (व्हिसावाल्यांना मनाई असलेले सरकारी भत्ते) घेतल्यासारखं होईल' ही भीती खोटी होती. फर्लो पब्लिक फंड्समध्ये मोडत नव्हता, एसएसपीही मोडत नाही. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी भत्ता) मात्र मोडतं. टियर 2 वाल्याचा (नोकरीच्या व्हिसावाल्याचा) पगार स्पॉन्सरला, म्हणजे व्हिसा पुरस्कृत करणाऱ्या मालकाला, तात्पुरता 80 टक्के किंवा 2,500 पौंड, यातलं जे कमी असेल तिथवर उतरवता येत होता. अट अशी की ते नोकऱ्या वाचवण्याच्या कंपनीभरच्या धोरणाचा भाग हवं, एकट्या व्हिसावाल्यांनाच लावलं असं नको.

खरा घात तारखेने केला. 19 मार्च 2020 पर्यंत एचएमआरसीकडे पेरोलची नोंद गेलेली हवी होती. पुण्याहून येऊन 1 मार्चला रुजू झालेल्याचा पहिला पगार महिनाअखेर, म्हणजे नोंदही महिनाअखेर. माणूस नोकरीवर, पण योजनेबाहेर. असे लोक 1 नोव्हेंबरच्या मुदतवाढीत बसले, कारण तिथे कटऑफ 30 ऑक्टोबर 2020 होता.

एचआर, रेडिंग

स्लावकरांनी प्रवासाचं लिहिलं नाही, ते मी लिहिते. परदेशातून आल्यावरचं क्वारंटाइन एसएसपीत बसत नव्हतं. 23 एप्रिल 2021 ला भारत रेड लिस्टवर गेला आणि 8 ऑगस्टपर्यंत राहिला. त्या काळात गावाकडून परतणाऱ्याला हॉटेलात 10 दिवस, एकट्याचं बिल 1,750 पौंड. लक्षणं किंवा पॉझिटिव्ह टेस्ट असेल तरच एसएसपी, नुसत्या हॉटेलवासाला नाही. राहिले मार्ग तीन : खोलीतून काम, शिल्लक वार्षिक रजा, किंवा बिनपगारी. फर्लोतली वार्षिक रजा 80 नाही, 100 टक्के पगाराने द्यायची होती. वरचे 20 टक्के मालकाचे. पेस्लिपांवर हा फरक बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून त्या महिन्यांतल्या रजेच्या तारखा शोधून पाहा.

अकाउंट्स, हॅरो

'फर्लो नेहमीच बरा' असंही धरून चालू नका. नोकरीच्या करारात पूर्ण पगारी आजारी रजा असेल तर ती 100 टक्के, फर्लो 80. अशा माणसाला आजारपणात फर्लोवर ढकलणं म्हणजे त्याचे 20 टक्के कापणं. त्याला त्याची लेखी संमती लागायची. 2020 च्या फाइलींमध्ये ते संमतीपत्र आहे का, हे तपासायला घ्या. फर्लोची सरसकट मेल सापडते, आणि त्यावर कर्मचाऱ्याचं 'हो' बहुतेक वेळा नसतं.