मदत हवी आहे: जुन्या मॅसी ३५ ला कॅटेगरी २ चा पलटी नांगर कसा जोडावा?

नमस्कार मंडळी. मोहोळ तालुक्यात आमची काळी, भारी जमीन आहे. वडिलांच्या काळातला मॅसी फर्ग्युसन ३५ अजून ठणठणीत आहे. लिफ्ट नीट उचलते, गळती नाही, त्यामुळे प्रश्न हायड्रॉलिकचा नाही.

सेकंडहँड दोन फाळी पलटी नांगर घेतलाय, पण त्याची जोडणी कॅटेगरी २ ची (ट्रॅक्टरमागे अवजार तीन ठिकाणी जोडतात, त्या जोडाच्या मापांतला मोठा वर्ग; कॅटेगरी १ म्हणजे लहान). खालच्या पिना २८ मिमी, आणि ट्रॅक्टरच्या खालच्या दोन आर्मच्या टोकाचे भोकाचे गोळे कॅटेगरी १ चे, २२ मिमी. बाजारात मिळतो तो बुश (भोक लहान करणारी नळी) बारीक पिन मोठ्या गोळ्यात बसवायचा. आमचं नेमकं उलटं आहे. टॉप लिंकला, म्हणजे वरच्या तिसऱ्या जोडाला, मात्र १९ ची पिन बुश घालून बसली, तिथे अडचण नाही.

दुसरी पंचाईत रुंदीची. नांगराच्या दोन्ही बाजूंतलं अंतर ८२५ मिमी, आमच्या आर्मना ६८३ लागतं. साखळ्या सैल करून आर्म फाकवून पाहिले, तर उजवा आर्म आणि टायर यांत बोटभरच जागा उरते.

नांगराच्या पिना वेल्डिंगच्या आहेत, नटाच्या नाहीत. लेथवाला म्हणतो, तिथेच घासून २२ करू. पण आमच्या रानात त्या वाकतील अशी धास्ती वाटते. आर्म कापून मोठे गोळे जोडायचे नाहीत, कारण कल्टिव्हेटर आणि पेरणीयंत्र याच आर्मवर चालतात.

जुन्या पिना कापून, आतल्या बाजूला नवी पट्टी लावून ६८३ वर २२ च्या पिना कुणी बसवल्यात का? पट्टी किती जाडीची घेतली, आणि सोलापूर-पंढरपूर भागात हे काम खात्रीने कोण करतं?